हळू वाढणारं यीस्ट उष्णता जास्त का सोसतं?

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी धडगाव भागातल्या मोहाच्या फुलांवरून दोन यीस्ट वेगळे केले. ‘अ’ ३० अंशांना भराभर वाढतं, पण ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवलं की जवळजवळ सगळं मरतं. ‘ब’ची कॉलनी बारीक आणि वाढ हळू, पण तेवढ्याच उष्णतेत ते बऱ्यापैकी टिकतं. ‘ब’मध्ये ताण सोसण्याचं जनुक आहे असं म्हणता येईल का? पीसीआर करून कोणतं जनुक दाखवू? आणि ते ‘अ’मध्ये घातलं तर वेग आणि सहनशक्ती दोन्ही असलेलं यीस्ट डिस्टिलरीला चालेल का, मॅडम?

उत्तर: प्रायमरची (पीसीआरमध्ये हवं ते जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) ऑर्डर अजून गेली नसेल तर थांबवा. उष्णता सोसण्याच्या संदर्भात ज्या जनुकांची नावं वाचनात येतात, एचएसपी१०४, टीपीएस१, एमएसएन२ वगैरे, ती तुमच्या दोन्ही यीस्टमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असणारच. प्रायमर नीट बसले तर जेलवर दोन्हीकडे पट्टी दिसेल. न बसले तर एकीकडे दिसणार नाही, आणि तुम्ही ‘अ’मध्ये जनुकच नाही असं लिहून बसाल. दोन्ही परिस्थितींत हाती काही लागत नाही. यीस्टच्या बाबतीत फरक बहुतेक वेळा जनुक असण्या-नसण्याचा नसतो, ते केव्हा आणि किती चालतं याचा असतो.

आणि मुख्य मुद्दा इथेच आहे. ताण सोसणारी जनुकं चालू-बंद करणारी बटणं आणि पेशीला ‘विभागत राहा’ किंवा ‘थांब’ सांगणारी बटणं बऱ्याच अंशी एकच आहेत. त्यामुळे ‘ब हळू वाढतं’ आणि ‘ब उष्णतेत टिकतं’ ही तुम्ही दोन निरीक्षणं म्हणून लिहिलीत, ती एकाच गोष्टीची दोन टोकं असू शकतात. ते हळू वाढतं म्हणूनच टिकत असेल. ही शक्यता बाजूला केल्याशिवाय ‘ब’बद्दल एक ओळही पुढे जाता येणार नाही.

मी आधी काही वर्षं यीस्टच्या आनुवंशिकीत काम केलं आणि आता खान्देशातच मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीची प्रयोगशाळा बघते. म्हणून आधी शास्त्र सांगते, मग प्रयोग, मग फर्मेंटर.

विभाजनापासून सुरुवात करू, कारण ही बाजू जास्त स्वच्छ आहे. बेकरीचं आणि दारूचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, कळी फोडून वाढतं. भरपूर ग्लुकोज आणि ३० अंश तापमान मिळालं तर साधारण ९० मिनिटांत एकाचे दोन होतात. सिअॅटलमध्ये लीलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास एक सोपी पण भन्नाट युक्ती वापरली. त्यांनी असे म्युटंट (एखादं जनुक बिघडलेले यीस्ट) शोधले जे २३ अंशांना ठीक वाढतात आणि ३६ अंशांना नेले की अडकतात. अडकलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ती कुठे थांबली हे कळीवरूनच दिसतं: कळी फुटलीच नसेल तर अगदी सुरुवातीला, मोठी कळी लटकत असेल तर शेवटाकडे. अख्ख्या कल्चरमधल्या पेशी एकाच रूपात थांबलेल्या दिसल्या, तर बिघडलेल्या जनुकाचं काम त्या टप्प्यावर आहे हे नक्की. या जनुकांना सीडीसी (सेल डिव्हिजन सायकल) हे नाव आणि पुढे क्रमांक मिळाले. त्यातलं सीडीसी२८ ‘स्टार्ट’ नावाच्या टप्प्यावर लागतं. स्टार्टच्या अलीकडे पेशी अन्न बघते, स्वतःचा आकार बघते, थांबूही शकते. पलीकडे गेली की तिला फेरी पूर्ण करावीच लागते.

तिकडे पॉल नर्स फिशन यीस्टवर, म्हणजे मधोमध दुभंगणाऱ्या शायझोसॅकरोमायसिस पॉम्बेवर काम करत होते. त्यांना सीडीसी२ सापडलं, आणि ते म्हणजे सीडीसी२८चंच भावंड निघालं. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने माणसाचं तेच जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं आणि यीस्ट पुन्हा विभागू लागलं. हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत एवढं आलं तरी पुरे. विभाजनाच्या जनुकांची लांबलचक यादी तिथे कोंबू नका, परीक्षक ती वाचत नाहीत.

स्टार्टचं दार कसं उघडतं हे मात्र समजून घ्या, कारण ताण इथेच हात घालतो. डब्ल्यूएचआय५ नावाचं प्रथिन दार लावून धरतं. पेशी वाढली आणि खायला चांगलं असलं की सीएलएन३ हे सायक्लिन (सीडीसी२८ला कामाला लावणारं प्रथिन) सीडीसी२८च्या जोडीने ते ढिलं करतं. मग सीएलएन१ आणि सीएलएन२ जोरात तयार होतात आणि कळी फुटते. आता कल्चर अचानक गरम केलं तर सीएलएन१ आणि सीएलएन२चे संदेश कमी होतात, पेशी स्टार्टच्या अलीकडे काही काळ थबकते आणि सावरली की पुन्हा चालू लागते. मीठ किंवा दाट साखर अंगावर आली तर एचओजी१ नावाचं किनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांना चालू-बंद करणारं विकर) जागं होतं. ते पाणी धरून ठेवायला पेशीकडून ग्लिसरॉल करून घेतं आणि त्याच वेळी एसआयसी१ या विभाजनाच्या ब्रेकला पक्कं करून पेशीला थांबवतं. थोडक्यात, तणावात पेशीचं विभाजन आपोआप ढेपाळत नाही. पेशी ते मुद्दाम थांबवते.

ताणाच्या बाजूला जनुकांची गर्दी फार आहे. २००० साली ऑड्री गॅश आणि सहकाऱ्यांनी यीस्टला उष्णता, पेरॉक्साइड, मीठ, उपासमार असे तऱ्हतऱ्हेचे ताण देऊन सगळी जनुकं एकदम तपासली. सुमारे ९०० जनुकं जवळपास प्रत्येक ताणात एकाच पद्धतीने हलताना दिसली. त्यातली साधारण ३०० चढली आणि ६०० उतरली. लोकांचं लक्ष चढलेल्यांकडे जातं. मला उतरलेली ६०० जास्त बोलकी वाटतात, कारण त्यातली बहुसंख्य रायबोसोम आणि प्रथिनं बनवण्याच्या कामाची आहेत, म्हणजे थेट वाढीची. भरधाव वाढणारी यीस्ट पेशी दर मिनिटाला सुमारे २००० रायबोसोम बनवते. हा खर्च चालू ठेवून संरक्षणाचा खर्च झेपत नाही. घरात माणसं तेवढीच असतात, ती पेरणीला लावली तर राखणीला उरत नाहीत.

माणसं कुठे लावायची हे ठरवणारी मुख्य यंत्रणा दोन आहेत, पीकेए आणि टॉर ही किनेज. ग्लुकोज मिळालं की रास आणि सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्यांमार्फत पीकेए जागं होतं. नत्र भरपूर असलं की टॉर जागं राहतं. दोघंही वाढीला चालना देतात आणि संरक्षणाला दाबतात. पीकेए जागं असेपर्यंत एमएसएन२ आणि एमएसएन४ ही दोन प्रथिनं केंद्रकाबाहेर ताटकळत राहतात. ग्लुकोज संपलं किंवा ताण आला की काही मिनिटांत ती आत शिरतात आणि शेकडो जनुकं चालू करतात: ट्रेहॅलोज बनवणारी, पेरॉक्साइड फोडणारी, विस्कटलेली प्रथिनं सांभाळणारी. पेशीला दीर्घ विश्रांतीत नेणारं आरआयएम१५ हे किनेजसुद्धा पीकेए आणि टॉरच्या दाबाखालीच असतं.

हे सगळं किती घट्ट गुंतलेलं आहे याचा सगळ्यात सुंदर पुरावा १९९८ चा आहे. पीकेए पूर्ण काढून टाकलं तर यीस्ट वाढतच नाही, म्हणून पीकेए वाढीसाठी अत्यावश्यक मानलं जाई. मग त्याच पेशीतून एमएसएन२ आणि एमएसएन४ सुद्धा काढले, आणि यीस्ट वाढू लागलं! म्हणजे पीकेए नसल्यामुळे जी वाढ अडली होती, ती मोकाट सुटलेल्या संरक्षणामुळेच अडली होती. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका प्रयोगात आहे. संरक्षण पूर्णवेळ चालू ठेवलं तर विभाजन बंद पडतं.

उष्णतेबाबत दोन नावं वेगळी घ्यायला हवीत. एक एचएसपी१०४. सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये दाखवलं की आधी ३७ अंशांना थोडा वेळ ठेवून मग ५० अंशांना नेलेलं यीस्ट एचएसपी१०४ नसेल तर शेकडो पटींनी जास्त मरतं. हे प्रथिन गुठळ्या होऊ देत नाही असा समज बरेच दिवस होता. प्रत्यक्षात ते झालेल्या गुठळ्या ओढून सोडवतं. दुसरं ट्रेहॅलोज. उपाशी, थांबलेल्या पेशीत ही साखर कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. बाजारात मिळणारं ड्राय यीस्ट वाळवूनही जिवंत राहतं ते बरंचसं यामुळे. कारखान्यात शेवटच्या टप्प्यात यीस्टला मुद्दाम कमी खाऊ घालून वाढ मंदावतात, म्हणजे ट्रेहॅलोज साठतं. त्याच यीस्टला गोड पाण्यात टाका, पीकेए जागं होतं, एनटीएच१ हे विकर ट्रेहॅलोज फोडतं आणि थोड्याच वेळात तेच यीस्ट ‘अ’सारखं नाजूक होतं. पुडी तीच, जनुकं तीच.

त्यामुळे तुमच्या ५० अंशांच्या प्रयोगाबद्दल माझा पहिला प्रश्न असा: कल्चर कोणत्या अवस्थेत होती? तुम्ही बहुधा दोन्ही रात्रभर वाढवून सकाळी बाथमध्ये घातली असतील. ‘अ’ने कदाचित ग्लुकोज संपवून दुसरं अन्न पकडलं असेल, ‘ब’ अजून मध्येच असेल, किंवा नेमकं उलट. ओडी (गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) सारखा केला म्हणजे अवस्था सारखी झाली असं होत नाही. घट्ट कल्चर पातळ करून ओडी जुळवणं हा तर आपल्याकडचा सार्वत्रिक रोग आहे.

हे असं करा. दोन्ही यीस्ट ताज्या वायपीडीमध्ये (यीस्टच्या नेहमीच्या पोषक माध्यमात) अगदी पातळ सोडा आणि ओडी ०.३ ते ०.५ च्या वर कधीच जाऊ न देता चार-पाच दुपटी होऊ द्या. ‘ब’ला वेळ जास्त लागेल, तो द्या. मग पातळ भिंतीच्या नळ्यांत, आधीच ५० अंशांना तापवलेल्या माध्यमात थोडं कल्चर मिसळा. गार माध्यमाची मोठी नळी बाथमध्ये बुडवली तर आतलं पाणी ५० ला पोचेपर्यंत पेशी वाटेतच ३७-४० ला सावध होतात आणि तुमचे आकडे बिघडतात. ०, ५, १० आणि २० मिनिटांना नमुने काढा, लगेच साध्या माध्यमात पातळ करा, प्लेटवर पसरवा आणि दोन-तीन दिवसांनी कॉलनी मोजा. मेलेल्या पेशी निळ्या दाखवणाऱ्या मिथिलिन ब्लूवर भिस्त ठेवू नका. उष्णतेने नुकतीच खलास झालेली पेशी काही वेळ निळी दिसत नाही आणि जिवंत मोजली जाते.

हाच प्रयोग तीन दिवस मुरलेल्या कल्चरवर करा. आणि तिसऱ्यांदा, भर वाढीतल्या कल्चरला अर्धा तास ३७ अंश देऊन मग ५० ला न्या. आता तुमच्याकडे तीन चित्रं आहेत. भर वाढीत दोन्ही सारखीच मरत असतील आणि मुरल्यावर दोन्ही सारखीच टिकत असतील, तर ‘ब’मध्ये विशेष काही नाही, पहिला फरक अवस्थेचा होता. भर वाढीतही ‘ब’ टिकत असेल आणि ३७ च्या तालमीने त्याला फारसा फरक पडत नसेल, तर त्याचं संरक्षण कायम चालूच आहे. अशा वेळी पीकेए किंवा टॉरच्या वाटेत कुठेतरी ढिलाई असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. हळू वाढीचंही तेच कारण असेल.

आता एक गोष्ट जी प्रोटोकॉलच्या वहीत नसते आणि खान्देशात हमखास छळते. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, म्हणजे तुमचे प्रयोग एप्रिल-मेमध्ये झाले असणार. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, गार करत नाही. खोलीत ३९-४० अंश असताना काटा ३० वर लावला म्हणून आत ३० होत नाही. हीटर बंद राहतो आणि आतलं तापमान खोलीबरोबर चढतं. दुपारी वीज गेली, पंखा बंद पडला की आणखी. तुमचं ‘३० अंशांचं कंट्रोल’ प्रत्यक्षात ३८ अंशांवर वाढलेलं असू शकतं. ३८ अंशांवर वाढलेल्या यीस्टमध्ये एचएसपी१०४ आधीच भरपूर असतं, ते ५० ला नेलं की टिकणारच. एका दिवशी ‘अ’ लावलं, दुसऱ्या दिवशी ‘ब’ लावलं आणि मध्ये वळवाचा पाऊस पडून खोली गार झाली, एवढ्यावरही तुमचा निष्कर्ष उलटू शकतो. कूलिंग असलेला बीओडी इन्क्युबेटर मिळवा. कॉलेजात नसेल तर जळगावला विद्यापीठात विचारा, किंवा जवळच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत, त्यांच्याकडे तो असावाच लागतो. आत काचेच्या ग्लासात पाणी ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि तोच आकडा लिहा, दारावरचा नको.

‘ब’ची कॉलनी बारीक आहे म्हणालात. बारीक कॉलनी म्हटलं की यीस्टवाल्याच्या मनात पहिला शब्द येतो ‘पेटिट’. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बिघडला किंवा गेला की यीस्ट श्वसन करू शकत नाही. नुसत्या किण्वनावर जगतं, म्हणून कॉलनी छोटी राहते. उन्हाळ्यात, जास्त तापमानाला, पेटिटचं प्रमाण वाढतं. तपासणी अगदी स्वस्त आहे. ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर ‘ब’ लावा, पेटिट असेल तर वाढणारच नाही. दुसरी परीक्षा टीटीसीची, म्हणजे श्वसन करणाऱ्या पेशीत लाल होणाऱ्या रसायनाची: वाढलेल्या कॉलनीवर टीटीसी मिसळलेलं कोमट अगार ओता, थोड्या वेळात धडधाकट कॉलनी लालभडक होतात आणि पेटिट पांढऱ्या राहतात. एकाच प्लेटवर लाल मोठ्या कॉलनींमध्ये मधूनच पांढरे ठिपके दिसले की शंका उरत नाही. आणि गंमत बघा, वाढ हळू केली की उष्णता-सहनशक्ती वाढते हे श्वसन न करणाऱ्या यीस्टमध्येही दाखवलं गेलं आहे. तेव्हा ‘ब’ पेटिट निघालं तर त्याच्या टिकाऊपणाला ‘गुण’ म्हणायचं की अपंगत्वाचा जोडपरिणाम, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

एकाच जनुकसंचाच्या पेशींमध्येही हा फरक असतो, हे पण लक्षात ठेवा. २०१२ मध्ये मार्क सीगल यांच्या गटाने हजारो सूक्ष्म कॉलनींची वाढ कॅमेऱ्याखाली मोजली. एकाच कल्चरमधल्या काही पेशी बाकीच्यांपेक्षा हळू वाढत होत्या, त्यांच्यात ट्रेहॅलोजशी संबंधित टीएसएल१ जास्त होतं, आणि उष्णतेचा दणका दिल्यावर त्याच जास्त टिकल्या. जनुकं सगळ्यांची सारखी. वाईट दिवस येईल तेव्हा काही जणी तरी वाचाव्यात, असा हा हिशोब. त्यामुळे ५० अंशांतून वाचलेली कॉलनी उचलून ‘सहनशील स्ट्रेन (वाण) मिळाला’ म्हणू नका. ती पुन्हा वाढवा, पुन्हा तोच प्रयोग करा. टक्केवारी मूळ यीस्टइतकीच आली तर तुम्ही फक्त नशीबवान पेशी उचलली होती.

हे सगळं मी सॅकरोमायसिस गृहीत धरून लिहितेय, आणि ते गृहीतकच कच्चं आहे. फुलांवर, मधुरसावर सॅकरोमायसिस तसं कमी सापडतं. हॅन्सेनियास्पोरा, मेश्निकोविया, पिकिया यांचीच जास्त वर्दळ असते. उष्णता सोसणारं, साध्या प्लेटवर पसरट, कोरडी कॉलनी देणारं यीस्ट पुष्कळदा पिकिया कुद्रियावझेवी निघतं, आणि ते म्हणजे कॅन्डिडा क्रुसेई, दुबळ्या रुग्णांना संसर्ग करणारं. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय असेल तर आजच सोडा. आधी जात ओळखायला आयटीएस किंवा २६एस आरडीएनएचा डी१/डी२ हा डीएनएचा भाग सिक्वेन्स करून घ्या. तुम्ही ज्या पैशात पीसीआर करणार होतात, ते इथे घाला. ‘अ’ आणि ‘ब’ वेगवेगळ्या जातींचे निघाले तर त्यांची तुलना करून जनुकाबद्दल काही बोलण्यात अर्थच राहत नाही.

समजा एकाच जातीचे निघाले, आणि भर वाढीतही ‘ब’ टिकलं. तरी ‘एक जनुक’ सापडेल ही आशा थोडी आवरा. लार्स स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये रुग्णातून मिळालेल्या, ४१ अंशांना वाढणाऱ्या यीस्टचा प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनशी संकर केला. उष्णतेत वाढण्याचा गुण ज्या एका छोट्या तुकड्याशी जोडलेला दिसत होता, त्यात शेजारी-शेजारी तीन जनुकं मिळून काम करत होती: एमकेटी१, ईएनडी३ आणि आरएचओ२. तिन्ही नावं ताणाच्या नेहमीच्या यादीत शोधून सापडायची नाहीत.

आणि इथे तुमच्या प्रयोगातली सगळ्यात मोठी गल्लत सांगते, जी डिस्टिलरीच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. ५० अंशांत दहा मिनिटं जिवंत राहणं आणि ४० अंशांत वाढत राहणं हे दोन वेगळे गुण आहेत. पहिल्यासाठी थांबावं लागतं, दुसऱ्यासाठी चालत राहावं लागतं. २०१४ मध्ये लुईस कास्पेटा, येन्स नील्सन आणि सहकाऱ्यांनी यीस्टला ४० अंशांच्या आसपास पिढ्यानपिढ्या वाढवून उष्णतेत वाढणारे स्ट्रेन मिळवले. त्यात सातत्याने बदललेलं जनुक कोणतं निघालं? ईआरजी३. हे एचएसपी नाही, एमएसएन नाही, तर पेशीच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल बनवणारं जनुक. ते बिघडल्याने आवरणातलं स्टेरॉल बदललं आणि गरमीत आवरण सांभाळलं गेलं. किंमतही दिसली: हेच स्ट्रेन ३० अंशांना मूळ यीस्टच्या मागे पडले.

आता फर्मेंटर. आमचा फर्मेंटर ५० ला कधीच जात नाही. ३६-३७ ला गेला तरी रात्रपाळीचा फोन येतो. तिथे यीस्टवर येणारा ताण एकट्या उष्णतेचा नसतो. मळीतले पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार, सुरुवातीची दाट साखर, पुढे चढत जाणारा अल्कोहोल, आणि त्यावर उष्णता. अल्कोहोल आणि उष्णता दोघंही आवरणावरच घाला घालतात, म्हणून ३२ अंशांना जो अल्कोहोल यीस्ट सहज झेलतं तोच ३७ ला झेपत नाही. शिवाय तापमान चढलं की लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं फावतं. बाहेरच्या लोकांना वाटतं भुसावळ-जळगावचा ४५ अंशांचा मे आमच्यासाठी सगळ्यात वाईट. तसं नाही. मेमधली हवा कोरडी असते, कूलिंग टॉवर पाणी छान गार करतो. खरी परीक्षा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस तोंडावर असताना, हवा दमट झाली की टॉवरचं पाणी गार व्हायचं नाव घेत नाही. त्या दिवसांत जे यीस्ट ३५-३६ अंशांना साखर संपवतं ते आमच्या कामाचं.

आणि साखर संपवणाऱ्या यीस्टला ताण सोसण्याची जनुकं चांगलीच हवीत असंही नाही. जपानमधलं साके बनवायचं क्योकाई ७ हे यीस्ट बघा. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की त्यात आरआयएम१५ मोडलेलं आहे. ते पेशीला विश्रांतीत नेऊच शकत नाही. एमएसएन२ आणि एमएसएन४ चा प्रतिसादही त्यात लंगडा आहे. परिणाम असा की ताण आला तरी पेशी साखर खात राहते, अल्कोहोल करत राहते आणि तुलनेने लवकर मरते. प्रयोगशाळेतल्या साध्या यीस्टमधून आरआयएम१५ काढलं तर त्याचंही किण्वन वेगवान होतं. अर्थात साके थंडीत, १०-१५ अंशांच्या आसपास मुरवतात, तेव्हा मोडकं संरक्षण तिथे परवडतं. आमच्या जूनमध्ये ते परवडेल की नाही हे करूनच बघावं लागेल. पण ‘ताण-सहनशील म्हणजे डिस्टिलरीला चांगलं’ हे समीकरण प्रबंधात आंधळेपणाने लिहू नका, एवढ्यासाठी हे उदाहरण.

‘ब’चं जनुक ‘अ’मध्ये घालण्याबद्दल: एमएसएन२ जास्त चालवलेले स्ट्रेन लोकांनी बनवले आहेत. ताण चांगला सोसतात, पण किती चालवायचं याचं प्रमाण चुकलं की वाढ मंदावते, आणि का ते वर आलंच आहे. शिवाय जनुक-बदल केलेलं यीस्ट हाताळायला १९८९ च्या नियमांखाली संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, आणि कारखान्यात वापरायला केंद्राची मंजुरी. एम.एस्सी.च्या दोन सत्रांत हे बसत नाही. त्याऐवजी डिस्टिलरीत चालणारी साधी गोष्ट सांगते. एर्गोस्टेरॉलचा एक रेणू बनवायला ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात. म्हणून यीस्ट वाढवण्याच्या टाकीत हवा नीट दिली तर पुढे बंद फर्मेंटरमध्ये तेच यीस्ट अल्कोहोल आणि गरमी जास्त झेलतं. उन्हाळ्यात ब्लोअर बिघडलेला असतो आणि सगळे स्ट्रेनला शिव्या घालतात, हे मी अनेकदा बघितलंय.

तुमच्या जागी मी असते तर ‘ब’वर ५० अंशांचे तीन प्रयोग आणि ग्लिसरॉल प्लेट एवढंच करून थांबले असते आणि उरलेला वेळ ‘अ’ला दिला असता. ‘अ’ची ३०, ३७, ४० आणि ४२ अंशांची वाढ मोजा. मग पातळ केलेल्या मळीत, ३५ अंशांना, सुरुवातीची आणि ७२ तासांनंतरची साखर आणि अल्कोहोल मोजा, शेजारी बाजारातलं डिस्टिलरी यीस्ट तुलनेला ठेवा. १ किलो ग्लुकोजसारख्या साध्या साखरेतून सैद्धांतिक हिशोबाने ५११ ग्रॅम अल्कोहोल मिळतो, तुमचा आकडा त्याच्या टक्क्यात लिहा. तो जात ओळखणाऱ्या सिक्वेन्ससकट आला आणि जात निर्धोक निघाली, तर ‘अ’ची एक स्लांट (तिरप्या अगारावर वाढवलेली नळी) मला पाठवा. पाठवायची ती जुलैनंतर, आणि एसटीच्या पार्सलमध्ये नको, कोणाच्या तरी हाताने.